बाबांची टाईमशेअर मेंबरशिप २०३३ पर्यंत आहे, चालू ठेवू की सोडू? आणि ‘विकून देतो’ म्हणून फोन येतायत

रोहिणी_नाशिक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी काय सल्ला देता येणार.

माझ्या बाबांनी २००८ साली एका हॉलिडे कंपनीची २५ वर्षांची टाईमशेअर मेंबरशिप घेतली, म्हणजे दरवर्षी ठरावीक रात्री त्यांच्या रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क. मॉलमध्ये कूपन भरलं होतं, चार दिवसांनी फोन आला की तुमचं गिफ्ट लागलंय, दोघांनी जोडीनं या, तिथं दोन तास बसवलं आणि सही करूनच घरी पाठवलं. स्टुडिओ अपार्टमेंट, मधला सीझन, वर्षाला ७ रात्री, २ लाख १५ हजार रुपये ४८ हप्त्यांत. बाबांनी ते हप्ते एकही न चुकवता भरले. आम्ही गेलोही बऱ्याचदा, मुन्नार, कूर्ग, गोवा दोनदा, महाबळेश्वर. मग भावाचं लग्न, आईचे गुडघे, कोविड, असं करत करत जाणं बंदच झालं, फी मात्र दरवर्षी भरत होतो. सुरुवातीला ८ हजारांच्या आत होती ती आता २०,७५० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४,४८५.

शेवटची दोन वर्षं बाबा आजारी होते, फी भरायची राहिली. मागच्या दिवाळीनंतर ते गेले. आता कंपनीची मेल आलीय की थकबाकी व्याजासकट ५८ हजार भरा आणि मेंबरशिप वारसांच्या नावावर करून घ्या. भाऊ म्हणतो एक रुपया भरू नको, बंद पडू दे. आई म्हणते त्यांनी हौसेनं घेतलं होतं, असं टाकून कसं द्यायचं.

त्यात गेल्या महिन्यात एक फोन आला. माणूस अगदी नीट बोलणारा, त्याला बाबांचा मेंबरशिप नंबर, सीझन, सगळं माहीत. म्हणाला तुमच्या मेंबरशिपला ६ लाखांचा ग्राहक तयार आहे, फक्त एनओसी आणि टॅक्सचे ३८ हजार आधी भरावे लागतील, ते नंतर रिफंड होतात. आईला वाटतंय भरावे, ६ लाखांपुढं ३८ हजार काय म्हणून. मला भीती वाटतेय. मी दोन दिवस मागितलेत.

मला एवढंच कळून घ्यायचंय की वारसांना ही थकबाकी भरावीच लागते का, सोडली तर काही परत मिळतं का, आणि हा फोन खरा असू शकतो का. शिवाय या धंद्यात हल्ली बऱ्याच उलथापालथी चालल्यात असं वाचते, मोठ्या कंपन्या छोट्यांना विकत घेतायत, २५ वर्षांच्या जागी ३ वर्षांचे प्लॅन आलेत, त्याचा आमच्यासारख्या जुन्या मेंबरांवर काय परिणाम होतो ते कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

जुना_सेल्सवाला

रोहिणीताई, बाकीचं नंतर वाचा, आधी हे. ३८ हजार भरू नका. तो ग्राहक नाहीये. ६ लाख पण नाहीयेत. नंबर ब्लॉक करा, आईंना समोर बसवून सांगा, आणि आईंच्या फोनवर तो वेगळ्या नंबरवरून परत येणार हे पण सांगून ठेवा, कारण नक्की येणार.

मी २००६ ते २०१० या धंद्यात होतो, पुण्यात, कंपनीचं नाव घेत नाही. आधी टेलिकॉलर, मग टेबलवर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर बसून विकायला. त्याला मेंबरशिप नंबर माहीत होता म्हणून तुम्हाला खरा वाटला ना? मेंबरांच्या याद्या माणसांबरोबर बाहेर जातात. एक मुलगा इथून सोडून दुसरीकडं जातो, जाताना एक्सेल शीट घेऊन जातो, मग ती शीट हातोहात फिरत राहते. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ज्यांची फी थकलीय त्यांनाच आधी फोन जातात, कारण थकलेल्या माणसाला सुटका हवी असते.

खरा ग्राहक असता तर त्यानं पैसे तुम्हाला दिले असते, तुमच्याकडून मागितले नसते. आणि जीएसटी आधी भरा नंतर रिफंड होतो असं कधीच नसतं. ट्रान्सफर करायची असेल तर ट्रान्सफर फी कंपनीच्या खात्यात जाते, कंपनीच्या पावतीवर, मधल्या कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही.

आता तुमच्या बाबांना त्या दोन तासांत काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे. जोडीनं बोलवायचं कारण असं की एकटा आला तर घरी विचारून सांगतो म्हणून उठून जातो, दोघं असले की ती वाटच बंद. आधी तासभर फक्त तुमच्या सुट्ट्यांबद्दल गप्पा, मुलं किती, कुठं जाता, खर्च किती येतो. मग कागदावर पुढच्या २५ वर्षांचा हॉटेलचा खर्च मांडायचा, दरवर्षी १० टक्के वाढ धरून, तो आकडा १५-२० लाखांवर जातो, त्याच्यापुढं २ लाख फारच कमी दिसतात. त्या कागदावर वार्षिक फी २५ वर्षं वाढत जाणार हे कुठंच मांडलेलं नसायचं. गिऱ्हाईक नाही म्हणालं की सिनिअर येऊन बसायचा, त्याला आम्ही टीओ म्हणायचो, तो किंमत खाली आणायचा, पण फक्त आजच्यासाठी. आणि शेवटी, ही प्रॉपर्टी आहे, नातवंडांपर्यंत जाईल, भाव वाढला की विकता येईल. ती प्रॉपर्टी नसते हो ताई. आपल्याकडच्या बहुतेक करारात वापरायचा हक्क असतो, ठरावीक वर्षांपुरता, वर्षं संपली की संपला. मी हे वाक्य लोकांना सांगितलंय आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, म्हणूनच एवढं लिहितोय.

फ्लोरिडाकर

जुना_सेल्सवाला यांनी फोनबद्दल जे सांगितलं तेच इकडं फार मोठ्या प्रमाणावर चालतं, म्हणून लिहितो. मी मूळचा सोलापूरचा, १९ वर्षं झाली ऑर्लँडोजवळ राहतो, हे म्हणजे टाईमशेअरचं माहेरघर.

इथं अमेरिकन लोकांच्या मेक्सिकोतल्या टाईमशेअरवर हीच पद्धत वापरली जाते. फोन येतो, तुमच्या पुएर्तो वायार्ताच्या आठवड्याला (म्हणजे तिथं दरवर्षी आठवडाभर राहायच्या हक्काला) ग्राहक आहे, आधी टॅक्स भरा, मग परवाना, मग बँकेचं काहीतरी, असं महिनोन्‌महिने. त्यामागे मेक्सिकोतल्या हालिस्कोची ड्रग कार्टेल, म्हणजे अमली पदार्थांची टोळी आहे असं अमेरिकेच्या अर्थखात्यानंच जाहीर केलंय आणि २०२३ पासून त्यातल्या माणसांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातलेत. जुलै २०२४ मध्ये एफबीआयनं आकडा दिला होता, २०१९ ते २०२३ या काळात साधारण ६,००० अमेरिकन लोकांनी मिळून जवळजवळ ३० कोटी डॉलर घालवले. त्यातले बरेचसे म्हातारे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा फसले की तीच टोळी सरकारी अधिकारी बनून परत फोन करते, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो पण आधी एवढे भरा म्हणून. रोहिणीताई, तुमच्या फोनवाल्याचा या लोकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण आधी भरा नंतर मिळतील ही युक्ती तीच आहे.

दुसरी जात म्हणजे ‘एक्झिट’ कंपन्या. टाईमशेअरमधून बाहेर काढतो म्हणून चार-पाच हजार डॉलर आधी घेतात आणि काही करत नाहीत. २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित बघणारी इथली सरकारी संस्था) आणि विस्कॉन्सिन राज्यानं मिसुरीतल्या अशा एका गटावर खटला भरला, ९ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम लोकांकडून उकळल्याचा आरोप होता.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी पण २०११ मध्ये घेतला होता, नाव घेत नाही. इथं पुष्कळदा रीतसर डीड असतं, म्हणजे घरासारखी खरोखरची मालकी, आणि तेच गळ्यात येतं कारण मेंटेनन्स फी मालकाच्या मागं कायमची लागते. इथं ती सरासरी वर्षाला हजार डॉलरच्या वर गेलीय, शिवाय चक्रीवादळात छत उडालं की सगळ्यांच्या डोक्यावर जादा वर्गणी. मी १९ हजार डॉलरला घेतलेला आठवडा ईबेवर एक डॉलरला टाकला, तीन महिने कुणी घेतला नाही. शेवटी ज्या कंपनीकडून घेतला तिच्याकडंच परत दिला, फी चुकती करून, थोडे पैसे भरून. इथल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आता असे परत घेण्याचे कार्यक्रम काढलेत, फक्त ते स्वतःहून सांगत नाहीत, फोन करून विचारावं लागतं. तुमच्या कंपनीला सरेंडरची काही सोय आहे का हे लेखी विचाराच.

उलथापालथीबद्दल विचारलंत, तर इथल्या टाईमशेअर कंपन्यांत हिल्टन ग्रँड व्हेकेशन्सनं २०२१ मध्ये डायमंड घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये ब्लूग्रीन घेतली, दीड अब्ज डॉलरला. मॅरियट व्हेकेशन्सनं २०१८ मध्ये आयएलजी घेतली, तिच्याबरोबर इंटरव्हल इंटरनॅशनल पण आली. विंडहॅमच्या टाईमशेअर कंपनीनं २०२१ मध्ये नाव बदलून ट्रॅव्हल अँड लेझर केलं, आणि आरसीआय तिच्याकडंच आहे. म्हणजे रिसॉर्टची अदलाबदल करून देणाऱ्या जगातल्या दोन्ही मोठ्या कंपन्या आता विकणाऱ्यांच्याच घरात आहेत. जुन्या माणसाला यातून एवढंच दिसतं की मालक बदलला की पत्र येतं, तुमचा आठवडा पॉइंटमध्ये (ठरलेल्या आठवड्याऐवजी बुकिंगसाठी वापरायच्या गुणांत) बदलून घ्या, आणि त्यासाठी आणखी पैसे भरा. मी दोनदा अशा ‘अपडेट मीटिंग’ला गेलोय, नावाला मीटिंग, पुन्हा तोच टेबल.

सीए_कोथरूड

आकड्यांचं मी बघतो. आधी रोहिणीताईंचा हिशोब, बाकीचं मागाहून.

२००८ चे २ लाख १५ हजार आता विसरायचे. ते गेले, त्याबदल्यात तुम्ही मुन्नार-कूर्ग पाहिलंत, तो व्यवहार तिथं संपला. आजपासून पुढं किती जाणार आणि किती मिळणार एवढंच मांडायचं. वर्षाला २४,४८५ भागिले ७ रात्री म्हणजे रात्रीला ३,५०० च्या आसपास. आता थकबाकीचे ५८ हजार. कंपनीला विचारा की ते भरले तर त्या दोन वर्षांच्या १४ रात्री मिळणार का. मिळणार असतील तर गोष्ट वेगळी. बुडाल्या असतील तर ते ५८ हजार उरलेल्या ७ वर्षांच्या ४९ रात्रींवर टाका, रात्रीला आणखी ११८४ वाढले, म्हणजे ४,७०० च्या जवळ. त्यात ट्रान्सफर फी धरलेली नाही, आणि फी दरवर्षी वाढणार तेही धरलेलं नाही. आणि हा सगळा हिशोब सातही रात्री दरवर्षी वापरल्या तरच. चारच वापरल्या तर नुसती फीच रात्रीला ६ हजारांच्या वर जाते.

आता समोर हॉटेल ठेवा. तुमचा मधला सीझन आहे, त्या दिवसांत महाबळेश्वरला किंवा गोव्यात स्वच्छ बरी खोली काय भावानं मिळते ते आत्ता मोबाईलवर बघा. एक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या हॉटेल खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला, आधी १२ होता. मेंबरशिप फीवर मात्र १८ च आहे. म्हणजे जुन्या मेंबराच्या विरुद्ध बाजूला पारडं आणखी थोडं झुकलं. उलट रिसॉर्टच्या स्टुडिओत छोटं किचन असतं, चार जण राहू शकतात, हॉटेलात चौघांना बऱ्याचदा दोन खोल्या लागतात. तुम्ही किती जण जाणार यावर उत्तर बदलतं, आई आणि तुम्ही दोघीच जाणार असाल तर माझ्या मते परवडत नाही.

धंद्याचं म्हणाल तर ही कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये सुरू झाली, बर्फात खोली भाड्यानं घेण्यापेक्षा हॉटेलच विकत घ्या अशा अर्थाची त्यांची जाहिरात होती. अदलाबदल करणारी आरसीआय १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियानात सुरू झाली. आपल्याकडच्या हॉलिडे कंपन्यांत स्टर्लिंग १९८६ मध्ये चेन्नईत, महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. स्टर्लिंग घ्यायचं थॉमस कुक इंडियानं २०१४ मध्ये जाहीर केलं आणि तिथून पुढं ती कंपनी मेंबरशिप विकण्यापेक्षा साध्या पाहुण्यांना खोल्या देण्याकडं जास्त वळली. महिंद्रानं फिनलंडच्या हॉलिडे क्लबमधला बहुतांश हिस्सा २०१५ पर्यंत घेतला.

आणि एक बदल असा झाला की जो पेपरात मोठ्या अक्षरात येत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ हा हिशोबाचा नियम लागू झाला. आधी कंपनी मेंबरशिप विकली की त्यातला मोठा भाग त्याच वर्षी उत्पन्न म्हणून दाखवायची. नव्या नियमात सेवा जितकी वर्षं द्यायची तितक्या वर्षांत ते उत्पन्न थोडं थोडं दाखवायचं, २५ वर्षांची मेंबरशिप तर २५ वर्षांत. महिंद्रा हॉलिडेजच्या ताळेबंदात असं पुढं दाखवायचं राहिलेलं उत्पन्न ५,००० कोटींच्या वर आहे. त्यामुळं नुसतं नवीन मेंबर करत सुटण्याचा कागदावरचा फायदा कमी झाला आणि वार्षिक फी, रिसॉर्टमधलं जेवणखाण, स्पा, यातून येणाऱ्या पैशाला जास्त वजन आलं. जुन्या मेंबराला फी वाढलेली दिसते आणि जेवणाचं बिल दिसतं त्यामागं हेही एक कारण आहे असं माझं मत. ३ आणि १० वर्षांचे प्लॅन पण आले, कारण आजची तिशीतली पोरं २५ वर्षांची सही करायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे त्यांचं.

अनघा_ठाणे

सगळे सोडा सोडा म्हणतायत म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. आमच्याकडं २०१२ पासून आहे आणि एकही वर्ष आम्ही वाया घालवलं नाही. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा, कधी नणंदेची मुलं. सासूबाईंना बाहेरचं तिखट चालत नाही, तिथल्या किचनमध्ये आम्ही मऊ भात करतो, पोहे करतो, दूध गरम करतो, हे हॉटेलात कोण करू देणार. मुलांना तिथं खेळायला असतं, सासऱ्यांना सकाळी फिरायला सुरक्षित जागा असते. गोव्यातल्या वारकाच्या किनाऱ्यावर माझे सासरे ७१ व्या वर्षी पहिल्यांदा समुद्रात कमरेइतके गेले, तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे.

पण मी हे पण सांगते की ते वापरायला मेहनत लागते. बुकिंग उघडतं त्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन बसते. मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत ऐनवेळी मागितलं तर मिळत नाही. आम्ही जून अखेरीस, जानेवारीत, असं जातो, मुलाची एक-दोन दिवस शाळा बुडते. ज्या घरात असं कुणी बसून करणारं आहे तिथंच ही मेंबरशिप चालते. रोहिणी, तुझ्या घरी ते तुझे बाबा करत असणार. तू करणार आहेस का, दरवर्षी, ७ वर्षं? तुला लहान मुलं असतील आणि आई बरोबर येणार असेल तर मी ठेव म्हणेन. नसेल तर आईच्या मनासाठी एकदा तिला महाबळेश्वरला घेऊन जा, हॉटेलात रहा, पण घेऊन जा.

डोंबिवलीचा_सुहास

मूळ प्रश्नापेक्षा थोडं बाजूला जातोय, पण ‘टाईमशेअर’ हा शब्द निघाला की आपल्या महाराष्ट्रात निम्म्या घरांत वेगळीच जखम आठवते म्हणून लिहितो. पॅनकार्ड क्लब्ज. कागदावर ती पण हॉलिडे मेंबरशिपच होती, रूम नाईट्स विकत घ्या, राहिला नाहीत तर मुदतीनंतर सरेंडर व्हॅल्यू मिळेल. राहायला किती जण गेले असतील? लोकांनी ती एफडी समजून घेतली. विकणारा एजंट म्हणजे शेजारचाच, भिशीतला, शाळेतला शिक्षक, रिटायर्ड क्लार्क. सेबीनं जुलै २०१४ मध्ये पैसे गोळा करायला मनाई केली आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात पैसे परत द्यायला सांगितलं. आकडा होता ७,०३५ कोटी आणि गुंतवणूकदार ५१ लाखांच्या वर. रॉयल ट्विंकल स्टार क्लबचं प्रकरण पण तसंच, मुंबईचंच, तिथंही हॉलिडे प्लॅनच्या नावाखाली ठेवी घेतल्या असं सेबीनं २०१५ मध्ये म्हटलं. बंगालमध्ये रोझ व्हॅलीनं पण हॉलिडे मेंबरशिपची सर्टिफिकेटं विकली होती.

ही मंडळी आणि रोहिणीताईंच्या बाबांनी घेतलेली मेंबरशिप एकच नाही, हे मला नीट सांगायचंय, कारण आपले लोक दोन्ही एकत्र करतात. एकीकडं तुम्ही सुट्टी विकत घेता, परवडली नाही तर नाही, पण रिसॉर्ट आहे, खोली आहे. दुसरीकडं सुट्टी फक्त नावाला, खरं आश्वासन पैसे वाढवून परत द्यायचं, आणि तसं आश्वासन जिथं येतं तिथं सेबी कायद्याच्या कलम ११एए प्रमाणे ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरते आणि सेबीची नोंदणी लागते. ‘राहिला नाहीत तर व्याजासकट परत’ हे वाक्य कुणी म्हटलं की तिथंच उठायचं. माझ्या गल्लीतल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नाचे पैसे अशाच एका योजनेत ठेवले होते, आणि ज्या एजंटानं घेतले तो त्यांचा सख्खा भाचा, आज दोन्ही घरं एकमेकांच्या दारात जात नाहीत. भाच्याचे स्वतःचे पण अडकलेत त्यात.

वकील_सांगली

कायद्याचं थोडक्यात. कागद बघितल्याशिवाय शेवटचं मत देता येणार नाही, पण सर्वसाधारण नियम असा की वारस हे मयताच्या देण्याला मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच बांधील असतात, स्वतःच्या खिशातून नाही. तुम्ही स्वतः करारावर सही केलेली नाही. म्हणून घाईघाईत मेंबरशिप स्वतःच्या नावावर करून घेऊ नका, एकदा तुमची सही झाली की पुढच्या ७ वर्षांच्या फीची बांधिलकी तुमची. आधी मूळ करार शोधा आणि त्यात तीन कलमं वाचा, मेंबर वारल्यावर काय, फी थकल्यावर काय, आणि सरेंडर किंवा रद्द करण्याबद्दल काय. पुष्कळ करारांत फी थकली की सुट्टी बंद आणि ठरावीक काळानं मेंबरशिप रद्द एवढंच असतं. आई सहअर्जदार आहेत का तेही बघा, जोडीनं बोलावून सही घेतात म्हणजे बऱ्याचदा आईंची पण सही असते, आणि असेल तर त्यांच्यापुरतं चित्र वेगळं.

मग कंपनीला लेखी मेल करा, फोनवर काही बोलू नका. मृत्यूचा दाखला जोडा, थकबाकीचा वर्षवार हिशोब मागा, व्याज कुठल्या कलमाखाली लावलं ते विचारा, व्याज माफ करून सरेंडर होईल का ते विचारा. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी चेन्नईची असो की मुंबईची, करारात काहीही लिहिलेलं असो. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची, हे विसरू नका. करारच एकतर्फी आहे असं म्हणायचं असेल तर तो मुद्दा जिल्ह्यात नाही, राज्य आयोगापुढं न्यावा लागतो.

आपल्याकडं टाईमशेअरचा वेगळा कायदा नाही, ही खरी अडचण. युरोपात १९९४ पासून त्यावर निर्देश आहेत, आता सही केल्यापासून १४ दिवस कारण न देता मागं फिरता येतं आणि तेवढे दिवस विकणाऱ्याला एक पैसाही घेता येत नाही. फ्लोरिडात १० दिवस. स्पेननं तर १९९८ च्या कायद्यात ५० वर्षांची कमाल मर्यादा घातली आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कायमस्वरूपी विकलेले करार रद्द ठरवले, त्यानंतर हजारो लोक कोर्टात गेले. आपल्याकडं असे दिवस कंपनीच्या करारात दिले असतील तेवढेच. २००८ मध्ये तुमच्या बाबांना घरी येऊन शांतपणे वाचायला दोन आठवडे कायद्यानं मिळाले असते तर किती फरक पडला असता.

त्या फोनवाल्याची सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, पैसे गेले नसले तरी.

रोहिणी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. दोन दिवसांत काय झालं ते सांगते.

फोनवाल्याचा काल परत फोन आला, आता २८ हजारच भरा म्हणाला. मी आईच्या हातात फोन दिला आणि तिला एकच प्रश्न विचारायला सांगितला, की ग्राहक ६ लाख देणार आहे ना, मग हे २८ हजार त्यातून कापून उरलेले द्या. त्यानं फोनच ठेवला. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मी तर तुझ्या लपून भरणार होते. माझे हातपाय गार पडले ते ऐकून. १९३० वर नोंद केलीय.

बाबांची फाईल मिळाली. त्यांनी सगळं जपून ठेवलंय, ४८ च्या ४८ पावत्या, प्रत्येक ट्रिपचं बुकिंग, आणि एका वहीत दरवर्षीची फी लिहून समोर किती रात्री वापरल्या ते. २०१९ च्या पुढं रात्रींच्या रकान्यात सगळे शून्य. करारावर आईची सही आहे वकीलसाहेब, सहअर्जदार म्हणून, पहिल्या पानावर आणि शेवटच्या. फी थकली तर सुट्टी बंद आणि २४ महिन्यांनंतर कंपनी रद्द करू शकते असं कलम आहे, वसुलीचं वेगळं काही सापडलं नाही मला. आईला ती वही दाखवली, तिनं शून्य मोजले. आता ती म्हणते सोडून दे, पण तुझ्या बाबांचं नाव थकबाकीदार म्हणून राहायला नको. म्हणून मी सरेंडर आणि व्याजमाफीची मेल लिहितेय. अनघाताई, जानेवारीत महाबळेश्वरचं हॉटेल बघतेय आईसाठी, गुडघ्यांमुळं तळमजल्यावरची खोली हवी, कुणाला माहिती असेल तर सांगा.

एकच विचारायचं राहिलं, मृत्यूच्या दाखल्याची साधी झेरॉक्स चालेल की अटेस्टेड लागेल?

वकील_सांगली

मेलला स्कॅन जोडा, पुरेसं आहे. बरोबर स्पीड पोस्टनं एक सेल्फ अटेस्टेड प्रत पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. आईंची सही आहे तर मेल आईंच्या नावानं जाऊ दे, तुमच्या नावानं नको. आणि त्यात ‘थकबाकी मान्य आहे’ असं कुठंही लिहू नका, ‘आपण कळवलेली रक्कम’ एवढंच लिहा. पाठवायच्या आधी मसुदा इथं टाकलात तरी चालेल, नाव-नंबर काढून.

अनघा_ठाणे

तळमजल्याचं फोन करूनच विचार, वेबसाईटवर ग्राउंड फ्लोअर लिहितात आणि दारात सहा पायऱ्या असतात. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का तेही विचार. आणि वेण्णा लेकजवळ घे, आईला चालत जाता येईल.